पंचाहत्तर टक्के

माझी सगळी नोकरी विमा कंपनीत, मोटार दाव्यांच्या टेबलावर झाली. तिथे एका आकड्यावर माझा फार विश्वास बसला होता. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की गाडी आमच्या लेखी संपली. टोटल लॉस. मालकाला रक्कम द्यायची, सांगाडा लिलावात काढायचा, फाइल बंद. मोटार टॅरिफमधला हा नियम विम्यापुरता योग्यच आहे, कुठेतरी रेघ ओढावी लागतेच. पण मी ती रेघ ऑफिसात ठेवून घरी येत नव्हते. जुन्या गाडीच्या इंजिनावर कुणी पैसा घातला की तो माणूस मला हिशेब न कळणारा वाटायचा. आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त शिक्षकांनी गाडीचं इंजिन बांधून घेतलं, तेव्हा मी त्यांच्या तोंडावर म्हणाले होते, "सर, एवढ्या पैशांत दुसरी आली असती." ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, त्यांना पटलं.

दुसरा ग्रह गॅरेजवाल्यांबद्दलचा. तो याहून जुना आणि याहून वाईट. एस्टिमेट हातात आलं की ते फुगवलेलंच असणार, असं धरून मी वाचायला बसायचे. रबर, नायलॉन, प्लॅस्टिक, बॅटरी यांवर ५० टक्के घसारा, काचेवर काही नाही, लोखंडी भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे. पिस्टन रिंगचा सेट कितीला येतो, हेड गॅस्केट कितीला, मजुरीचा दर काय, सगळं पाठ. आणि हेड गॅस्केट नावाची वस्तू मी कधी डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. तीसेक वर्षं ज्या वस्तूंच्या किमतींवर लाल रेघा मारल्या, त्या गाडीत कुठे बसतात, काय करतात, हे विचारावंसं मला वाटलं नाही. सर्व्हेअर जागेवर जातो, फोटो काढतो, आपण कागद बघायचा. इंजिन खोलल्याशिवाय सांगता येत नाही, असं कुणा मेस्त्रीनं लिहून दिलं की मी ते वाक्य पैसे काढायची युक्ती म्हणून वाचायचे.

निवृत्तीनंतर आईकडे देवरुखला माझ्या खेपा वाढल्या. गाडी माझीच. पेट्रोलवरची, लहान, चार सिलिंडरची, बारा-तेरा वर्षांची जुनी. मे महिन्यात परत कोल्हापूरला येताना साखरपा मागे पडलं, आंबा घाटाचा चढ लागला आणि तापमानाचा काटा वर सरकला. बाजूला घ्यायला जागा बघत होते तेवढ्यात काटा आपोआप खाली आला, नेहमीच्या जागी. जीव भांड्यात पडला. थोडं पुढे गेल्यावर गाडीनं ओढ सोडली, इंजिन खडखडलं आणि बंद पडलं. बॉनेटच्या फटींतून गोडसर वासाची वाफ येत होती.

त्या काट्याचं कारण मला नंतर कळलं, पण ते इथेच सांगते, कारण गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असावं असं मला मनापासून वाटतं. तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असतो आणि कूलंटचंच तापमान सांगतो. कूलंट निघून गेलं की तो उघडा पडतो, आणि मग काट्यावर विश्वास ठेवण्यात अर्थ राहत नाही. काटा खाली येतो आणि आत इंजिन भाजत असतं. चढलेला काटा काही न करता उतरला, तर गाडी तिथल्या तिथे बंद करावी.

गाडी ओढून कोल्हापुरात आणली, एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दिली. त्यांचं एस्टिमेट आलं: इंजिन असेंब्ली बदलणे, सगळं धरून १ लाख ४० हजार. इंजिन न उघडताच. मला त्यात वावगं काही वाटलं नाही. तसल्या चालू गाडीला बाजारात पावणेदोन लाख येत होते. त्याचे ७५ टक्के म्हणजे १ लाख ३१ हजार. मी तिथल्या खुर्चीवर बसल्या बसल्या निकाल लावला. विम्यातून काही मिळणार नव्हतंच. मेकॅनिकल ब्रेकडाउन पॉलिसीत बसत नाही, हे कलम मी इतक्या लोकांना वाचून दाखवलंय की मला ते वेगळं बघावं लागलं नाही.

जुन्या गाड्या घेणाऱ्या एकाला फोन केला. त्यानं गाडीचं मॉडेल विचारलं, साल विचारलं आणि मग विचारलं, "इंजिन फिरतंय की जाम हाय?" फिरत असेल तर ४५ हजार, जाम असेल तर ३०. "मेस्त्रीकडनं बघून घ्या," म्हणाला. म्हणजे उद्यमनगरातल्या एका गॅरेजात मी गाडी नेली ती दुरुस्त करायला नव्हे. पंधरा हजार जास्त मिळावेत म्हणून, कुणीतरी 'फिरतंय' असं म्हणावं एवढ्यासाठी.

उद्यमनगर म्हणजे काय हे कोल्हापूरकराला सांगायला नको. लेथचा आवाज, भट्ट्या, तेलाचा वास, गल्लीगल्लीत जॉब घेऊन जाणाऱ्या सायकली. ऊसपट्ट्यातली ऑइल इंजिनं इथे बांधली गेली, बिडाचं ओतकाम इथून वाहनांच्या कारखान्यांना गेलं. म्हादबा मेस्त्रींचं नाव या गावात अजून आदरानं घेतात. मी त्याच गावात जन्मले, वाढले, आणि या गल्ल्यांमधून नाकाला रुमाल लावून गेले.

त्या गॅरेजातले मेस्त्री साठीकडे झुकलेले. चष्म्याला दोरी. मी म्हटलं, "इंजिन जाम आहे का तेवढं बघून सांगा, गाडी विकायची आहे." ते म्हणाले, "बघूया की." आणि त्यांनी इंजिनाला हात लावण्याआधी मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. घाटात कुठे तापली? काटा कसा वागला? बंद पडल्यावर परत स्टार्टर मारला का? बाहेर पाणी गळलेलं दिसलं का? धूर पांढरा होता का? मला हे प्रश्न ओळखीचे वाटले, आणि ते का, हे कळायला वेळ लागला. मी दाव्याच्या फॉर्मवर हेच विचारायचे. फरक इतकाच की मी विसंगती पकडण्यासाठी विचारायचे आणि त्यांना उत्तर हवं होतं.

मग त्यांनी तेलाची दांडी काढून बोटांत तेल चोळलं. तेल काळं होतं, दुधाळ झालेलं नव्हतं. "तेलात पाणी न्हाई. हे बरं हाय." चारही प्लग काढले आणि एका जुन्या वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले. तीन तांबूस-करडे. तिसरा मात्र धुतल्यासारखा स्वच्छ. मला वाटलं, हाच चांगला. ते म्हणाले, हाच वाईट. त्या सिलिंडरात पाणी शिरतंय, त्याची वाफ होऊन प्लग धुतला जातोय. क्रँकच्या पुलीवर पाना लावून त्यांनी हातानं इंजिन फिरवलं. सावकाश, दोन पूर्ण फेरे, डोकं तिरकं करून ऐकत. "फिरतंय. जाम न्हाई."

माझं काम झालं होतं. पण त्यांचं झालं नव्हतं. कॉम्प्रेशन गेज आणलं, एकेका प्लगच्या जागी बसवलं, पोराला स्टार्टर मारायला सांगितलं आणि खडूनं भिंतीवर आकडे लिहिले. १६५. ७०. ६५. १६०. मग प्रत्येक सिलिंडरात चमचाभर तेल सोडून पुन्हा तेच. रिंगा झिजल्या असतील तर तेलामुळे फट बुजते आणि आकडा बराच चढतो, असं त्यांनी काम करता करता सांगितलं. पहिला आणि चौथा जरासेच हलले, म्हणजे तिथल्या रिंगा ठीक. दुसरा आणि तिसरा जागचे हलले नाहीत. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम, आणि सारखेच पडलेत, म्हणजे बहुतेक त्या दोघांमधलं गॅस्केट फुटलंय.

मी विचारलं, "इंजिन किती टक्के गेलंय?"

ते माझ्याकडे बघत राहिले. प्रश्न मूर्खपणाचा आहे असं त्यांनी भासवलं नाही, त्यांना तो खरंच कळला नव्हता. "टक्क्यात कसं सांगू, मॅडम? दोन नंबर आन् तीन नंबरच्या मधी गेलंय. बाकी उघडल्यावर."

उघडल्यावर. हे वाक्य मी ज्या कानांनी ऐकत आले त्याच कानांनी ऐकलं. मी म्हटलं, नको, विकायचीच आहे. ते म्हणाले, "विका की. पण काय विकताय ते बघून विका. हेड काढायचं तीन हजार घेईन. हेडला तडा असला तर मी सांगतो, विका. भंगारवाल्याला हेड वर असलं काय आन् डिकीत असलं काय, सारखंच."

त्या रात्री मला चीड आली होती आणि ती कशाची हे मला ठरवता येईना. एक माणूस तीन हजारांच्या कामासाठी मला गळ घालतोय, असं स्वतःला सांगून पाहिलं. ते जमेना, कारण गळ त्यानं घातलीच नव्हती. ज्या कामात त्याला पैसे मिळणार होते ते काम नाकारायची वाट त्यानं आधीच उघडी ठेवली होती. आणि मी? माझ्याकडे गाडीबद्दल एक आकडा होता, आणि तो आकडा देणाऱ्यांनीही इंजिन पाहिलेलं नव्हतं. दाव्याच्या कामात पहिला धडा निकटतम कारणाचा असतो. नुकसान झालं ते नेमकं कशामुळे, हे ठरल्याशिवाय पुढचा कागद हलत नाही. दुसऱ्यांच्या फाइलींत मी कारणावर अडून बसायचे. स्वतःच्या गाडीचं कारण मी कुणालाच विचारलं नव्हतं. खर्च विचारला, किंमत विचारली, भागाकार केला.

सकाळी फोन करून म्हटलं, काढा हेड. आणि मला बघायचंय.

पुढचं जरा सावकाश सांगते, कारण माझ्यात जे काही हललं ते तिथे, त्या टेबलापाशी हललं.

हेड उचलून त्यांनी बाजूला ठेवलं तेव्हा ब्लॉकचा सपाट माथा आणि त्यातली चार गोल विवरं समोर आली. आत पिस्टन, दोन वर, दोन खाली. बिडाचा ब्लॉक, वरचं हेड ॲल्युमिनिअमचं, आणि मध्ये गॅस्केटचा पातळ पत्रा. ॲल्युमिनिअम तापल्यावर बिडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं, त्यामुळे इंजिन फार तापलं की हेडला वाक येतो, मग गॅस्केटवरची पकड सुटते. मेस्त्रींनी गॅस्केट उजेडात धरलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या भोकाच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर एक काळा, जळका ओघळ होता. करंगळीच्या नखाएवढ्या रुंदीचा. तिथून एक फाटा शेजारच्या पाण्याच्या वाटेला जाऊन मिळाला होता. बाकी सगळं गॅस्केट धड. मी तो ओघळ बराच वेळ बघत राहिले. ज्याला मी, आणि त्या वर्कशॉपनं, 'इंजिन' म्हटलं होतं, त्यातलं गेलेलं हे एवढं होतं.

मग त्यांनी हेड उलटं ठेवलं, घासून पुसलं, त्यावर पोलादी पट्टी आडवी धरली आणि मागे बॅटरीचा उजेड लावला. पट्टीखाली मधोमध उजेडाची बारीक रेघ दिसली. फिलर गेजची पात लावून बघितली. ०.०५ मिलिमीटरची सहज गेली. ०.१०ची गेली. ०.१५ची अडकत अडकत गेली. केसाची जाडी असते तेवढी, जास्तीत जास्त दोन केसांची. तेवढ्या वाकानं घाटात माझी गाडी उभी केली होती.

"आता हिकडं या," ते म्हणाले. चिंधीनं सिलिंडर पुसला. "नख फिरवा. वरनं खाली."

मी हात पुढे करायला कचरले. हे लिहायला लाज वाटते, पण तेलाची लाज वाटली होती. मग फिरवलं. भिंत थंड, गुळगुळीत, आणि अगदी जवळून बघितलं तर तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघांची जाळी. ती कारखान्यात होनिंग करताना मारलेली असते, तिच्यात तेल धरून राहतं. लाखभर किलोमीटर चाललेल्या गाडीत ती अजून दिसत होती. "वर कुठं कंगोरा लागला?" मी म्हटलं, नाही. "सगळ्यात वरची रिंग जिथनं परत फिरते तिथं झीज हुती. नख अडकलं की समजायचं बोअर खाल्लाय, हाफ इंजिनाचं काम आलं. न्हाई अडकलं." मी चारही सिलिंडरांत नख फिरवलं. त्यांनी सांगितलं म्हणून नव्हे. मला स्वतःला बघायचं होतं.

आणि तिथेच, बोट तिसऱ्या सिलिंडरात असताना, मला शिरोळकडचा तो टेम्पोवाला आठवला.

२०१९चा ऑगस्ट. पंचगंगेचं पाणी उतरल्यावर आमच्या टेबलांवर फाइलींचे ढीग आले होते. त्याचा दुधाचा टेम्पो पाण्यात बुडाला होता. एस्टिमेट एका मोठ्या ठिकाणचं, इंजिन असेंब्ली धरून, ७५ टक्क्यांच्या वर. टोटल लॉस. तो काउंटरवर आला. त्याला टोटल लॉस नको होता, टेम्पो दुरुस्त करून हवा होता, कारण जुन्या टेम्पोच्या आयडीव्हीत त्याला दुसरा टेम्पो मिळणार नव्हता. म्हणाला, "मॅडम, पाण्यात असताना मी स्टार्टर मारलेला न्हाई. इंजिन फिरतंय. मेस्त्रीनं हातानं फिरवून बघितलंय."

मी विचारलं, "फिरतंय म्हणजे काय? चालू होतंय का?"

"चालू न्हाई होत अजून."

"मग झालं."

पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरात पाणी असताना इंजिन चालू करायला गेलं की पिस्टन पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पण स्टार्टर मारलाच नसेल, हातानं इंजिन मोकळं फिरत असेल, तर रॉड शाबूत असण्याची बरीच शक्यता असते. प्लग किंवा इंजेक्टर काढून पाणी बाहेर काढायचं, तेल बदलायचं, वेळेवर केलं तर असं इंजिन वाचू शकतं. तो माणूस मला नेमकं हेच सांगत होता. त्याच्याकडे निदान होतं आणि माझ्याकडे टक्केवारी. त्याचं वाक्य मला कळलं नाही, आणि न कळलेलं वाक्य मी अडाण्याचं बोलणं म्हणून बाजूला सारलं. दावा दुरुस्तीच्या पायावर मिटवता येतो, पुन्हा पाहणी मागवता येते, माझ्या हातात तेवढं नक्की होतं. कदाचित पुन्हा पाहूनही टोटल लॉसच निघाला असता. टेम्पोचं वायरिंग गेलं होतं, बाकीही बरंच होतं. पण मी पाहायला लावलंच नाही. नियमानं मी चुकले नाही, आणि ही गोष्ट मला जराही दिलासा देत नाही.

मेस्त्रींना यातलं काही सांगितलं नाही. हात पुसायला त्यांनी चिंधी दिली.

पुढचं काम पायरीपायरीनं गेलं. हेड शेजारच्या मशिन शॉपमध्ये गेलं. तिथे त्याची भोकं बंद करून आत हवेचा दाब दिला आणि गरम पाण्याच्या टाकीत बुडवलं. बुडबुडा आला असता तर तडा, आणि मग गाडी विकायची हे आमचं ठरलं होतं. आला नाही. फेसिंग मारून हेड सपाट केलं, तेही गरजेपुरतंच, कारण जास्त कापलं तर कॉम्प्रेशन वाढून दुसरी दुखणी लागतात. वॉल्व्ह लॅप केले, सील नवे. हेडचे बोल्टही नवे, कारण या जातीचे बोल्ट आवळताना ताणले जातात, ते दुसऱ्यांदा वापरायचे नसतात. टायमिंग बेल्ट उतरवलाच होता, तोही बदलला.

पण मेस्त्री गाडी जोडायला तयार होईनात. "गॅस्केट का गेलं ते कुठं कळलंय अजून?" तापली म्हणून गेलं, मी म्हटलं. "का तापली?" रेडिएटर सोडवून, भरून, दाब देऊन बघितला. वरच्या प्लॅस्टिकच्या टाकीला, पत्र्याशी जोडलेल्या कडेला, केसासारखी चीर होती. थंड असताना बंद, गरम झाली की उघडणारी. म्हणून बाहेर कधी थेंब दिसला नव्हता. नवं कोरं इंजिन आणून हाच रेडिएटर पुढे ठेवला असता, तर पुढच्या घाटात तेच झालं असतं. माझा भागाकार या चिरेपर्यंत कधीच पोहोचला नसता.

सगळं मिळून खर्च ३८ हजारांच्या आसपास आला. त्यानंतर मी पहिल्यांदा माझ्या जुन्या हिशेबाची मांडणीच तपासली. मी दुरुस्तीचा खर्च चालू गाडीच्या किमतीशी ताडून बघत होते. पण चालू गाडी माझ्याकडे नव्हतीच. माझ्याकडे ४५ हजारांची बंद गाडी होती आणि दुरुस्तीनंतर ती पावणेदोन लाखांची होणार होती. ताडायचं ते या फरकाशी, आणि दुसरी गाडी घ्यायला खिशातून जे गेलं असतं त्याच्याशी. विमा कंपनीला मालकाचं नुकसान भरून मोकळं व्हायचं असतं, म्हणून तिला तिची रेघ पुरते. मालकाला उद्या सकाळी कुठेतरी जायचं असतं.

याचा अर्थ प्रत्येक इंजिन बांधावं असा नाही. त्याच गॅरेजात एक डिझेल गाडी उभी होती. तिचं तेल काढलं तेव्हा तळाशी चमचमणारी कचकच होती. बेअरिंग खाल्लं होतं, क्रँकवर ओरखडे. मेस्त्रींनी त्या मालकाला हेड काढायलाही सांगितलं नाही. "यात पैसे घालू नका," एवढंच. माझ्याही गाडीला पंधरा वर्षं भरतील तेव्हा फेरनोंदणी येईल. २०२२च्या एप्रिलपासून त्याचं शुल्क मोटारीला ५,००० रुपये आहे, शिवाय पर्यावरण कर. तिच्यात एअरबॅग नाही. चालकासाठी ती सक्तीची झाली २०१९मध्ये, माझी गाडी त्याआधीची. आईला घेऊन घाट उतरताना मला हे आठवतं, आणि गाडी बदलायचं हे एकच कारण मला खरंच वजनदार वाटतं. तेव्हा ती विकेन, चांगली चालत असतानाही विकेन. पण घाईनं लावलेल्या निकालावर विकणार नाही.

सगळे गॅरेजवाले असे नसतात हे मला ठाऊक आहे. खोट्या बिलांच्या फाइली मी पाहिल्यात, त्या खोट्याच होत्या. माझा ग्रह अनुभवातून आला होता, म्हणून तर तो इतका घट्ट बसला. पण त्या अनुभवात मी एक बाजू कधी घातलीच नव्हती: मेस्त्री खरं बोलतोय की खोटं, हे ओळखायला लागणारं ज्ञान माझ्याकडे नव्हतं. ते नसताना सगळ्यांना खोटं धरणं सोपं जात होतं. शिक्षक सरांकडे मी जाऊन आले. त्यांनी तेव्हा काय काय तपासून घेतलं होतं ते विचारलं. त्यांच्याकडे वहीत सगळं लिहिलेलं होतं, आकड्यांसकट. टेम्पोवाल्याचा पत्ता मला कुठून मिळणार नाही. ती कागदपत्रं माझी नव्हेत, आणि मिळाला तरी त्याला काय सांगणार?

ऑफिसात नव्या मुलामुलींचं प्रशिक्षण असतं, तिथे मला एका सत्रासाठी बोलावतात. घसाऱ्याचे तक्ते, टोटल लॉसची कलमं, हे मी शिकवतेच. मागच्या वेळी विभागप्रमुखांना म्हटलं, यांना एक दिवस उद्यमनगरात पाठवा, कुठलंही एक हेड निघताना बघू द्या. कॉम्प्रेशनचे आकडे भिंतीवर लिहिले जाताना बघू द्या, सिलिंडरात बोट घालू द्या. मेस्त्री तयार आहेत, मी विचारून ठेवलंय. विभागप्रमुख म्हणाले, वेळ नाही, सर्व्हेअर असतो ना त्यासाठी. हेच उत्तर मी दिलं असतं. पुढची तुकडी जानेवारीत आहे, आणि तेव्हा मी पुन्हा विचारणार आहे.